मशीनचा जुना ठोका

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. माहेरी असताना आईचं उलथनं माझ्या पाठीत बसायचं ते यापायीच. सासर मात्र माझ्याच स्वभावाचं मिळालं. आमच्या घरात भाताचं ताटसुद्धा कुणी आदळल्याशिवाय पुढं सरकवत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते की पुढं मारामारी आहे, रक्त आहे आणि एक मोडलेलं मनगट आहे. ते मनगट माझ्या सासूचं, आणि मोडलं मी. गावात अजूनही 'सुनेनं सासूले बांबूनं झोडपलं' एवढंच सांगतात, आणि ते खोटं नाही.

आमचं शेत सालेकशाच्या पलीकडं, एका अंगाला रेल्वेचा रूळ आणि दुसऱ्या अंगाला जंगल. बोअरला पाणी लागल्यापासून आम्ही उन्हाळी धानही लावतो. नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला आहे, तो शनिवारच्या गाडीनं येतो आणि सोमवारी जातो. आठवडाभर घरात आम्ही तिघं: मी, सासू आणि धाकटा दीर. लग्नाआधी मी गोंदियाला आयटीआय केलं आणि एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसले. बंद पडलेल्या फोनचं आतलं डोकं, म्हणजे सॉफ्टवेअर, पुसून नवं घालायचं, नवं पटलं नाही तर जुनं परत बसवायचं, हे मी तिथं दिवसभर करायचे. सासरी या विद्येचा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

चैत्रात आमच्याकडं दोन गोष्टी एकदम येतात. धानाच्या लोंबीत दूध भरतं, आणि मोह गळायला लागतो. लोंबीसाठी रानडुकरं येतात आणि मोहासाठी बाया. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, कुंपणाच्या आतल्या बाजूला, एक जुना मोह आहे. सासू रोज पहाटे टोपली घेऊन त्याच्याखाली फुलं वेचायला जाते. ताप असो, घरी पाहुणे असोत, मोह गळतो तेवढे दिवस तिला कुणी थांबवू शकत नाही. सासरे होते तेव्हा त्यांनीही हा प्रयत्न सोडून दिला होता म्हणे.

डुकरांचा राग सगळ्यात जास्त दिराला. त्याच्या मांडीवर गुडघ्यापासून वर जाणारा एक खड्डा आहे. डुकरानं सुळा घालून मांस उलटं केलं होतं, आणि तो स्वतःच्या हातानं ते दाबून धरत घरापर्यंत लंगडत आला होता. तेव्हापासून डुकराचं नाव काढलं तरी त्याच्या तोंडून शिव्यांची सर लागते. तो वाईट माणूस नाही. पण त्याला काहीही हळू करता येत नाही, दार लावायचं तरी तो ते आपटतो.

डुकरं अडवायचे आमच्या भागात दोन उपाय. एक झटक्याची मशीन. शेताभोवती तार ओढायची आणि मशीन त्या तारेत क्षणभराचा झटका सोडत राहते, टक, टक, टक. झटका जोरात बसतो, अंग फेकलं जातं, पण जीव जात नाही. दुसरा उपाय म्हणजे पंपाच्या पेटीतून विजेची लाईनच सरळ तारेत सोडायची. मग डुक्कर मरतं, आणि जो तारेला लागेल तो मरतो. शेजारच्या गावात एक माणूस असाच मेला. संध्याकाळी स्वतःच करंट लावला आणि सकाळी स्वतःच विसरला. बायांच्या मागं उभी राहून मी त्याला पाहिलं होतं. तळवा तारेला चिकटून काळा पडला होता, दात एकमेकांवर असे बसले होते की तोंडात पाणी घालता आलं नाही, आणि त्याची बायको काडीनं त्याची बोटं तारेवरून सोडवत होती. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आपल्या शेतात लाईनचा करंट आला तर मी या घरात राहणार नाही. मला बाकी काही नको होतं. ती एकच गोष्ट नको होती.

म्हणून नवऱ्यानं गोंदियाहून झटका मशीन आणली आणि फाटकाबाहेर, राखणीच्या मचाणाजवळ, पंपाच्या पेटीशेजारी बसवली. झाकणावर सोलरची पाटी, आत बॅटरी, आणि फोनवरून चालू-बंद करता येईल अशी. दुकानदारानं तार तपासायची एक युक्ती शिकवली होती: हिरव्या गवताची लांब पात घ्यायची आणि तिचं टोक तारेला लावायचं. मशीन चालू असेल तर बोटांत बारीकशी टिचकी बसते. ही युक्ती मी सासूला दाखवली आणि तिला ती इतकी आवडली की विचारू नका. तिला सगळ्या यंत्रांची भीती, पण गवताची पात तिच्या ओळखीची होती. रोज पहाटे धुऱ्यावर पोचली की ती वाकून पात तोडायची, तारेला लावायची, हात झटकायची आणि मागं वळून मला ओरडून सांगायची, "चालू हाय व!" मगच प्लास्टिकच्या दांड्याला धरून आम्ही फाटकाची तार सोडायचो.

एक वर्ष असं नीट गेलं. दुसऱ्या चैत्रात दिराच्या फोनवर मशीनच्या ॲपमध्ये लाल ठिपका आला. नवं व्हर्जन आलं आहे, घ्या, असं ते रोज सांगत होतं. दीर मचाणावर बसलेला, हाताला काम नाही. त्यानं घेतलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जे चाललं आहे त्याला ऐन हंगामात हात लावू नका. पण वहिनीला विचारायचं म्हणजे त्याचं नाक कापलं जाणार.

त्याच रात्री डुकरं आली. सकाळी बघितलं तर नाल्याकडच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन खाचरं, लोळवलेल्या. डुक्कर धान खातं त्याहून जास्त तुडवतं. चिखलात लोंब्या अशा दाबल्या होत्या की हातात घेतल्या तर दूध बोटांवर यायचं. दिरानं आधी मशीनला लाथ घातली. मग त्याला कुत्रा दिसला. रात्रभर भुंकला काऊन नाही म्हणून त्यानं फावड्याच्या दांड्यानं कुत्र्याला मारायला सुरुवात केली. कुत्रा आडवा पडून ओरडत होता आणि हा मारत होता. मी दांडा धरला तेव्हा त्यानं मलाच ढकललं.

"सोड व वयनी, नाहीतर तुले बी लागंल."

"लागू द्या. त्या मुक्या जनावरानं तुमचं काय केलं?"

"झोपून राहिला ना रातभर. तुई मशीन बी झोपली, हा बी झोपला."

कुत्र्याचा मागचा पाय त्यानंतर जमिनीला टेकला नाही. अजूनही तो तीन पायांवर फिरतो आणि दीर दिसला की खाटेखाली जातो. त्या दिवशी दीर जेवताना म्हणाला की आता लाईनच सोडतो तारेत, एकदाचं डुकराचं तोंड काळं पडलेलं बघतो. सासूनं त्याच्या ताटात भात वाढला. ती पोराला कधी अडवत नाही. मी हातातली डाव वरणात टाकली आणि मला दोन दिवस द्या म्हटलं.

मशीनमध्ये काही मोडलेलं दिसत नव्हतं. हिरवा दिवा लागत होता, ॲप म्हणत होतं सर्व ठीक आहे, पण ठोका नाही. सासू पात लावून सांगायची, "बंद हाय व." रात्री बंद, पहाटे बंद. शेवटी दुपारी मी ॲपमधलं सगळं वाचून काढलं. नव्या व्हर्जनमध्ये एक सोय घातली होती: बॅटरी वाचावी म्हणून दिवसा मशीन झोपणार आणि अंधार पडला की आपोआप उठणार. दिवस की रात्र हे तिला झाकणावरच्या पाटीवर पडणाऱ्या उजेडावरून कळायचं. मी शेतातलं घमेलं उचललं आणि मशीनवर पालथं घातलं. आतून आवाज आला, टक, टक, टक.

वर पाहिलं तर मचाणाच्या बल्लीला, लाकडी खांबाला, बल्ब टांगलेला, मशीनच्या डोक्यावर वीतभर. आमच्याकडं उन्हाळी धानात सगळेच असा बल्ब लावतात, उजेडाला डुक्कर बुजतं म्हणून. पंपाच्या पेटीतून एक वायर वर नेलेली असते, लाईन आली की बल्ब लागतो. आमची मशीन त्या बल्बलाच सूर्य समजत होती आणि रात्रभर सुखानं झोपत होती. ज्यांनी ते व्हर्जन बनवलं त्यांच्या शेतात कुणी बल्ब लावत नसणार. मला हसू आलं, रागही आला, आणि मी दिराला हाक मारली.

"भाऊजी, बल्ब काढा. नाहीतर दुसरीकडं टांगा."

"बल्ब माया बानं लावला तेथं. त्याच बल्लीले. तो निघणार नाही."

"मग रोज संध्याकाळी मशीनवर घमेलं घाला आणि सकाळी काढा."

"मी का मशीनले पांघरूण घालत बसू रोज? इतकी शहाणी हाये तं तूच घाल."

खरं सांगायचं तर घमेल्याच्या भरवशावर मलाही राहायचं नव्हतं. एक दिवस कुणी विसरलं की धान जाणार, धान गेलं की हा लाईन सोडणार. म्हणून ठरवलं, मशीनचं जुनं डोकंच परत बसवायचं. फोनचं करायचे तसंच.

सालेकशाच्या स्टेशनवर फोनला चांगली रेंज येते. फलाटाच्या टोकाला उभं राहून मी गोंदियाच्या दुकानदाराला फोन लावला. तो आधी म्हणाला, "भाभीजी, अपडेट तो अच्छी चीज है." मी त्याला बल्बची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मग त्यानं जुन्या व्हर्जनची फाईल पाठवली आणि बजावलं, "बीच में बंद मत होने देना, नहीं तो मशीन डब्बा हो जाएगी. फिर मेरे पास भी इलाज नहीं." हे मला माहीत होतं. आतलं पुसलं गेलं आणि दुसरं अजून भरलं नाही, त्या मधल्या वेळात यंत्राला स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. दुकानात असे किती फोन मेलेले मी पाहिले होते.

भर उन्हात मी शेतात गेले. खालचं बटण दाबून धरून मशीन चालू केली, लाल दिवा लुकलुकायला लागला, फोन जोडला गेला, फाईल जायला लागली. फोनच्या पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. इतक्यात धुऱ्यावरून दीर आला. एका खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात कुऱ्हाड.

"सरक. हे खोकं फोडतो आज."

"भाऊजी, थोडं थांबा. जुनं व्हर्जन जाऊन राहिलं आत."

"तुया व्हर्जनच्या मायले..." असं म्हणत तो पुढं आला.

मी मशीनसमोर उभी राहिले. बाजूला गवत कापायचा विळा पडला होता, तो उचलला. मला आठवतं की मला भीती वाटली नाही. त्याची कुऱ्हाड पडली तर मशीन डब्बा होईल, मग संध्याकाळी तारेत लाईन आणि पहाटे त्याच तारेशी सासू, एवढं डोळ्यासमोर लख्ख होतं. त्यानं माझा दंड धरून मला फेकलं. मी बांधीत गुडघ्यावर पडले, उठले आणि त्याच्या पायाला मिठी घातली. त्यानं दुसऱ्या पायानं माझ्या बरगडीत लाथ मारली. श्वास अडकला, पण मिठी सुटली नाही. त्यानं कुऱ्हाड उचललेली पाहिली आणि मी विळा चालवला. तो त्याच्या हाताला लागला, कोपराच्या खाली. कुऱ्हाड चिखलात पडली. रक्त त्याच्या बोटांवरून माझ्या केसांत गळत होतं. शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या, त्यातल्या एकीनं पदर तोंडावर घेतला.

"मारशील का मले?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"मारीन," मी म्हटलं. "पुन्हा उचलली तं मारीन."

तेवढ्यात मागून आवाज आला. टक. मग पुन्हा टक. फोनवर पट्टी भरली होती आणि जुन्या व्हर्जनचा आकडा दिसत होता. आपोआप अपडेट होण्याचा खटका मी रक्ताच्या बोटानं बंद केला. दीर हाताला दुपट्टा गुंडाळत निघून गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी सासूनं त्याच्या हाताला हळद लावली आणि मला जेवायला वाढलं नाही. पण पहाटे तिनं पात लावली आणि नेहमीसारखी ओरडली, "चालू हाय व!" तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलो.

डुकरं तशी सोडत नाहीत. त्यांना चार रात्री तार मेलेली मिळाली होती, वाट सापडली होती, दुधाची चव लागली होती. पुढच्या रात्री झटका बसूनही ती मुसंडी मारून आत शिरली. तारेला केस आणि चामडीचा तुकडा अडकलेला सापडला, म्हणजे झटका चांगलाच बसला होता. आणखी दोन रात्रींत ती शिकली असती. मी दिराला हे समजावून सांगितलं. तो भात कालवत होता. शिवी नाही, ताट आपटणं नाही, त्यानं नुसती मान हलवली. त्याच्या शांतपणाची मला भीती वाटायला हवी होती. बायांनी गावभर केलं होतं की वहिनीनं दिराला विळ्यानं कापलं, आणि दुकानावर पोरं त्याला हात दाखव म्हणत होती.

त्या संध्याकाळी तो जेवून लवकर शेतावर गेला. पुढचं मला नंतर कळलं, त्याच्याच तोंडून. त्यानं पंपाच्या पेटीतून वायर ओढली आणि शेताच्या तारेला बांधली. पहाटेच्या आत आपण काढून घेऊ, माय यायच्या आधी, असं त्यानं ठरवलं होतं. मचाणावर तो जागत बसला. मग लाईन गेली. बल्ब विझला. आमच्याकडं लाईन एकदा गेली की उन्हं वर आल्याशिवाय येत नाही, हे लहान पोरालाही माहीत. तार आता मेलेली आहे, वायर सकाळी काढू, असं म्हणून तो घरी येऊन झोपला. आम्ही बाया निघालो तेव्हा तो घोरत होता.

त्या पहाटे लाईन आली.

सासू पुढं होती, टोपली डोक्यावर, पदर कानावरून गुंडाळलेला. मी मागं, हातात बांबू. मोहाखाली अस्वल येतं म्हणून आम्ही बांबू घेऊनच जातो. लांबूनच मला बल्ब दिसला, जळत होता. जवळ आले तर मशीनचा ठोका ऐकू येईना. बल्ब चालू आणि मशीन गप्प, म्हणजे पुन्हा तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, दिरानं खुन्नस काढली, यानं मुद्दाम पुन्हा नवं व्हर्जन घातलं. मी त्याला अशा शिव्या घातल्या की माहेरी कुणी ऐकल्या असत्या तर मला घरात घेतलं नसतं. शिव्या देतच मी मशीनपाशी वाकले.

हिरवा दिवाही नव्हता. नव्या व्हर्जनमध्ये मशीन झोपली तरी हिरवा दिवा असायचा. आणि वास येत होता, जळालेल्या प्लास्टिकचा. लाईनचा करंट उलटा मशीनमध्ये शिरून तिचं पोट जाळून गेला होता. मी तारेवरून नजर पुढं नेली. थोड्या अंतरावर तारेला एक मुंगूस चिकटलं होतं, तोंड वासलेलं, अंगावरचे केस उभे, आणि त्याच्या पोटाकडून बारीक धूर निघत होता.

सासू वाकली होती. तिनं पात तोडली. दंवानं निथळणारी, चांगली हातभर लांब. पाय उघडे, बांधातल्या ओल्या मातीत.

"माय! हात नको लावू!"

रुळावरून मालगाडी जात होती. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी धावले. तिनं हात पुढं केला, पातीचं टोक तारेकडं हलत होतं. धावत जाऊन तिला धरलं असतं आणि ती तारेवर पडली असती तर दोघी गेलो असतो. हे मी तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. हातात बांबू होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यात होती नव्हती तेवढी ताकद लावून तिच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं बांबूतून माझ्या हाताला कळलं. ती ओरडून मागं वळली, तेव्हा मी तिच्या खांद्यावर दुसरा मारला, धुऱ्याकडून खाली, तारेपासून लांब. ती खालच्या मोकळ्या बांधीत उताणी पडली. टोपली घरंगळत गेली.

"मारून राहिली व! रांडे, मले मारून राहिली!"

मी तिला तशीच पडू दिलं. पंपाच्या पेटीपाशी गेले आणि बांबूनं खटका खाली पाडला. बल्ब विझला. मुंगूस तारेवरून खाली गळून पडलं. मग मी तिथंच बसून रडले, मोठ्यानं, गाडी कधीच निघून गेली होती तरी.

रडून झाल्यावर मी घरी गेले. दीर खाटेवर झोपला होता. मी त्याला उठवलं नाही, सरळ मारायला लागले. पाठीवर, पायांवर, जिथं बसेल तिथं. तो उठला, त्यानं माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. माझ्या कपाळातून रक्त आलं. त्यानं दुसऱ्यांदा आपटायला ओढलं तेव्हा मी म्हटलं, "माय पात लावत होती."

त्याची मूठ उघडली. त्यानं विचारलं नाही कुठं, कशाला. तो उघड्या अंगानं शेताकडं पळत सुटला, मांडीतल्या खड्ड्यामुळं लंगडत. मी पोचले तेव्हा तो बांधीत सासूच्या शेजारी बसला होता आणि त्याच्या पुढ्यात ते मुंगूस होतं. सासू मोडलेला हात पोटाशी धरून त्याला विचारत होती, "का झालं रे बाप्पा? काऊन रडून राहिला?" तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

तिला कळलं ते दवाखान्यात जाताना, गाडीत. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरनं हात हलवून विचारलं, कशानं मोडला? तारेत करंट होता म्हटलं असतं तर पोलीस आले असते, पोरगा आत गेला असता. सासूनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"सुनेनं मारलं," ती म्हणाली.

डॉक्टरनं माझ्या फुटलेल्या कपाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खरं आहे का?" मी हो म्हटलं. बाहेर बाकावर आमच्या गावची एक बाई बसली होती, त्यामुळं आम्ही घरी पोचायच्या आधी ही बातमी पोचली. नवरा शनिवारी आला तेव्हा स्टेशनवरच त्याला कुणीतरी ती ऐकवली होती. त्याला खरं काय ते सांगितलं, बाकी कुणाला नाही. मला याचा राग आहे. आजही कुणी लग्नात मला पाहून कुजबुजलं की वाटतं, माईकवर उभं राहून सगळं सांगून टाकावं. मग सासू समोरून त्या वाकड्या मनगटानं पाण्याचा गडवा धरून येताना दिसते आणि मी गप्प बसते.

जळालेल्या मशीनच्या जागी नवी आली. ती नव्या व्हर्जनचीच होती. मी पहिल्याच दिवशी जुनं परत घालायला बसले. पट्टी सरकायला लागली तसा दीर आला आणि मशीनवर सावली धरून उभा राहिला, पट्टी भरेपर्यंत. मधे तो एकदाच बोलला. म्हणाला, "कोनी इकडं येऊन नाई राहिलं, तू कर." ठोका सुरू झाल्यावर त्यानं मचाणावर चढून बल्ब काढला, वायरसकट, आणि ती वायर गुंडाळून घरी नेली.

मोह गळायला लागला की आता पहाटे आम्ही तिघं निघतो. पुढं दीर, मधे सासू, मागं मी. धुऱ्यावर पोचलो की तो आईला हात करून लांब थांबवतो. चपला काढून बाजूला ठेवतो. ओल्या मातीत उघडे पाय रोवतो, वाकून गवताची पात तोडतो आणि तारेला लावतो. सासू टोपली छातीशी धरून पोराच्या पाठीकडं बघत असते. मग त्याची बोटं उडतात आणि तो मागं न बघता म्हणतो, "चालू हाय, माय."

सासू पुढं जाते. मी माझ्या जागेवर उभी असते, बांबू दोन्ही हातांत धरून, त्याच्या मनगटावर नजर ठेवून.